रस्त्याकडेचा फ्लॅट आणि भाच्याचा ल्युकेमिया

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याला सारखा ताप यायला लागला, पायांवर काळेनिळे डाग दिसले. तपासण्या झाल्या आणि ए.एल.एल. निघाला, म्हणजे ब्लड कॅन्सर. उपचार सुरू आहेत, प्रतिसाद चांगला आहे असं डॉक्टर म्हणतात.

मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने. बहीण आधी साताऱ्याला होती. दीड वर्षापूर्वी मीच मागे लागून त्यांना पुण्याजवळ वाकडला, आमच्या शेजारच्या सोसायटीत फ्लॅट घ्यायला लावला. दुसरा मजला, समोर हायवेचा सर्व्हिस रोड, साठ-सत्तर पावलांवर पेट्रोल पंप, मागे काँक्रीटचा आरएमसी प्लँट. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोट फिरवलं तर काळं होतं. मेहुण्यांनी मोबाइलवर वाचलं की प्रदूषणाने ब्लड कॅन्सर होतो. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर ते मला म्हणाले, "ताई, हा फ्लॅट तुमच्या हौसेचा." तेव्हापासून बोलणं बंद आहे. फ्लॅट आत्ताच विकायचा म्हणतात. बहीण मधल्या मधे भरडली जातेय.

खरंच त्या हवेमुळे झालं का? मेहुणे स्वतः परवापरवापर्यंत गॅलरीत सिगारेट ओढायचे, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ते मी बोलू का? आणि माझी दोन मुलं त्याच हवेत वाढतायत. आम्हीही घर सोडायचं का?

– एक मावशी, वाकड

मावशीबाई,

आधी उत्तर देते, कारणं मागून. भाच्याचा आजार त्या फ्लॅटमुळे झाला असं छातीठोकपणे म्हणणारा डॉक्टर तुम्हाला भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. रस्त्याच्या धुराचा आणि रक्ताच्या कॅन्सरचा काडीचाही संबंध नाही असं म्हणणाऱ्यावरही ठेवू नका. संबंध आहे, काही प्रकारांत तो पक्का आहे. पण तुमच्या भाच्याचं वय, त्याचा प्रकार आणि त्या घरात गेलेले दिवस बघता त्या फ्लॅटवर येणारा संशय फार किरकोळ आहे. दोन घरांमधलं बोलणं त्यावरून बंद व्हावं, एवढं वजन त्यात नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट. तीस वर्षं रक्ताच्या स्लाइड बघण्यात गेली. निरोगी मुलाची स्लाइड म्हणजे गावच्या बाजारासारखी असते: लाल पेशींची गर्दी, मधूनच एखादी पांढरी पेशी, कडेकडेने रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचे ठिपके. ए.एल.एल.च्या मुलाच्या स्लाइडवर सगळीकडे एकाच चेहऱ्याच्या पेशी दिसतात. सगळ्या कोवळ्या. मधलं केंद्रक एवढं मोठं की भोवतीचा भाग नखाच्या कडेएवढाच उरतो. प्लेटलेट शोधाव्या लागतात, म्हणून ते काळेनिळे डाग. अशी स्लाइड दिसली की पहिला विचार मनात यायचा तो बाहेर बाकावर बसलेल्या आईचा, आणि ती आता काय विचारणार त्याचा. ती नेहमी एकच विचारते: "माझं काय चुकलं?" तुमच्या घरी तो प्रश्न आईऐवजी मावशीच्या वाट्याला आला, एवढाच फरक.

या वयातला ए.एल.एल. सुरू कधी होतो, हे आता बरंच कळलेलं आहे. आजार दिसतो बहुतेक दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान. पण त्यातल्या पुष्कळ मुलांत पहिली खोट आईच्या पोटातच पडलेली असते. ब्रिटनमधले ल्युकेमियाचे संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने हे ज्या रीतीने शोधलं ते ऐकण्यासारखं आहे. तिकडे प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब एका कार्डावर वाळवतात आणि ते कार्ड जपून ठेवतात. ल्युकेमिया झालेल्या मुलांची ही जन्माच्या वेळची कार्डं त्यांनी काढून तपासली. मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर कॅन्सरच्या पेशीत सापडलेली जनुकांची तीच चुकीची जोडणी, त्याच जागी तुटलेली, काही कार्डांवरच्या वाळक्या थेंबात आधीपासून होती. मूल जन्मलं त्या आठवड्यातच! एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्या भावंडांतही हेच दिसलं.

ती पहिली खोट असलेली सगळी बाळं आजारी पडत नाहीत, उलट फार थोडी पडतात. शंभरातल्या एखाद्या बाळात तरी अशी जोडणी सापडते, आणि अशा शंभर बाळांतल्या एखाद्यालाच पुढे ल्युकेमिया होतो. पुढचा धक्का कशाचा बसतो यावर ग्रीव्ह्ज यांचा भर संसर्गांवर आहे, म्हणजे लहानपणी शरीराची प्रतिकारशक्ती कशी घडते त्यावर. तुमचा भाचा जन्मला साताऱ्यात. वाकडला आला तेव्हा पावणेतीन वर्षांचा होता. त्याच्यात सुरुवात जन्माआधीच झाली होती का, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. पण तशी शक्यता भरपूर आहे, आणि तसं असेल तर तेव्हा वाकडचा विषयही निघालेला नव्हता.

आता हवेकडे वळू. मेहुण्यांनी वाचलं ते सगळंच चूक नाही. फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, आय.ए.आर.सी., जागतिक आरोग्य संघटनेचीच आहे. तिने ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. पण तो निवाडा मुख्यतः फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पुराव्यावर दिलेला होता. मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध दिसतो असंही तिने नोंदवलं. रक्ताचा कॅन्सर त्या यादीत नव्हता. बातमी फॉरवर्ड होत होत "हवेने कॅन्सर" एवढीच उरते, आणि मग ज्याच्या घरी जो कॅन्सर तो तिच्यात बसवला जातो.

रक्ताच्या बाबतीत खरा आरोपी हवेतला एक घटक आहे, बेंझिन. तो पेट्रोलमध्ये असतो, गाडीच्या धुरात असतो, सिगारेटच्या धुरात तर भरपूर असतो. श्वासातून आत गेला की यकृत त्याचे तुकडे करतं. ते तुकडे हाडांच्या मगजात पोचतात आणि तिथे आणखी जहाल होतात. रक्ताच्या पेशी जिथे जन्म घेतात नेमकी तीच जागा, त्यामुळे घाव मूळ पेशींच्या गुणसूत्रांवर बसतो. इस्तंबूलचे डॉक्टर मुझफ्फर अक्सोय यांनी १९७४ मध्ये चांभारकाम करणाऱ्या कामगारांची हकीकत प्रसिद्ध केली: २८,५०० कामगारांत २६ जणांना ल्युकेमिया किंवा त्याची पूर्वावस्था. बंद खोल्यांत बसून ते चामडं चिकटवायचे आणि त्या गोंदात बेंझिन होतं. आपल्याकडे जसा "सोल्युशन"चा डबा उघडून खाली मान घालून काम चालतं, तसंच.

पण बेंझिनमुळे होणारा ठळक आणि सिद्ध आजार म्हणजे मोठ्यांमधला ए.एम.एल., ब्लड कॅन्सरचा दुसरा प्रकार. भाच्याला झालाय तो ए.एल.एल. मधलं एक अक्षर बदलतं आणि सगळा कारभार बदलतो: पेशींचा वंश वेगळा, वय वेगळं, औषधं वेगळी. लहान मुलांमध्ये रहदारीशी जो थोडाफार संबंध अभ्यासांत दिसतो, त्यातही बेंझिनचा धागा ए.एम.एल.कडे जास्त झुकतो. तुमच्या पत्रात "ए.एल.एल." लिहिलेलं वाचलं आणि मी थोडा श्वास सोडला. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरांत बरा होण्याची सर्वात चांगली आशा ज्यांच्यात असते, त्यांपैकी हा एक.

"थोडाफार संबंध" म्हणजे किती? यात थोडा वेळ घालवते, कारण बहुतेक घरांतली भांडणं इथल्या गणितावर अडलेली असतात. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. जन्मानंतर गजबजलेल्या रस्त्याजवळ राहिलेल्या मुलांत ल्युकेमियाचं प्रमाण सुमारे दीडपट निघालं. आई गरोदर असताना रस्त्याजवळ राहत होती की नाही, याने मात्र फारसा फरक दिसला नाही. "दीडपट" हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, मान्य आहे. पण दीडपट कशाच्या? समजा एका लाख मुलांमागे वर्षाला चौघांना हा आजार होतो. ते दीडपट म्हणजे सहा. बाकीच्या ९९,९९४ मुलांना काही होत नाही. आणि त्या सहांतली चार मुलं डोंगरावर राहिली असती तरी आजारी पडली असती. सहांपैकी "रस्त्याची" दोन कोणती, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. पेशीवर पत्ता छापलेला नसतो.

शिवाय असे आकडे टिकतातच असंही नाही. फ्रान्समधल्या २००४ च्या एका अभ्यासात पेट्रोल पंप किंवा गॅरेजला लागून राहणाऱ्या मुलांत धोका चौपट निघाला होता. तुमच्या मेहुण्यांच्या हाती तो आकडा लागला तर त्यांची झोप उडेल. पण त्यातली मुलं मोजकी होती. पाच वर्षांनी तिथेच मोठा अभ्यास झाला आणि तो आकडा दीडपटीच्या आसपास उतरला. शून्य झाला नाही, हेही खरं. म्हणून मुलांच्या खोलीला लागून पंप असूच नये असं माझं मत आहे, आणि पंपाकडे मी पुढे येतेच.

जागतिक आरोग्य संघटनेचा एक हिशेब मला नेहमी डोकं ठिकाणावर आणणारा वाटतो. हवेत घनमीटरला १.७ मायक्रोग्रॅम बेंझिन असेल आणि माणूस जन्मभर तीच हवा घेत राहिला, तर लाखात एकाला त्यामुळे ल्युकेमिया होईल. आपल्या देशाची २००९ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीला ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे जन्मभरात लाखामागे तीन. संघटना याला सुरक्षित म्हणत नाही, बेंझिनची सुरक्षित पातळी नसतेच असं तिचं म्हणणं, आणि सरकारने ही मर्यादा खाली आणायला हवी. पण हा हिशेब सत्तर वर्षांच्या आयुष्याचा आहे. तुमचा भाचा तिथे राहिला जेमतेम दीड वर्ष.

एक जाता जाता. हवेचा जो ए.क्यू.आय. तुम्ही मोबाइलवर बघता, त्यात बेंझिन नसतं. त्यात आठ गोष्टी धरतात: धुळीचे दोन आकार, नायट्रोजन आणि सल्फरचे डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया, शिसं. म्हणून "आज हिरवा आहे, पोराला गॅलरीत बसवलं तरी चालेल" किंवा "आज लाल आहे, ब्लड कॅन्सर वाढणार" ही दोन्ही वाक्यं त्या आकड्यावरून निघत नाहीत. एन-९५ मास्कचंही तसंच. तो धूळ अडवतो, बेंझिनसारखी वाफ त्यातून सरळ आत जाते.

आता सिगारेट. तुम्हाला हा दगड हातात घ्यायचाय, ते मला दिसतंय. आणि खरं सांगायचं तर दगड पोकळ नाही. वडील सिगारेट ओढत असतील, विशेषतः मूल होण्याच्या आधीच्या काळात, तर मुलांत ए.एल.एल.चा धोका किंचित वाढलेला बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. किंचितच. जो न्याय फ्लॅटला, तोच सिगारेटला: लाखातले एक-दोन इकडे-तिकडे, आणि या मुलाच्या बाबतीत कोणीच काही सिद्ध करू शकत नाही. तुम्ही हे बोललात तर मेहुण्यांना उत्तर देता येणार नाही, तुम्ही जिंकाल. पण मग आज पॅसेजमध्ये तुमची जी अवस्था आहे तीच त्यांची होईल, आणि त्या माणसाला पुढची दोन-अडीच वर्षं मुलाला मांडीवर घेऊन पाठीत सुई टोचताना धरून बसायचंय. मला वाटतं, त्यांना हे माहीत आहे. सिगारेट सुटली ती कोणाच्या सांगण्याने? माझ्या अनुभवात असा बाप सगळ्यात मोठ्याने ओरडतो ते बिल्डरवर, नाहीतर मेहुणीवर. सिगारेटचा विषय त्यांच्या डॉक्टरांवर सोडा. घरात पुन्हा सुरू होऊ नये एवढंच ते सांगतील, आणि तेवढंच सांगायचं असतं.

फ्लॅट विकण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. आत्ता नको. कारण भावनेचं नाही, बुरशीचं आहे. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी खाली येतात तेव्हा मुलाला धोका असतो तो संसर्गाचा, आणि त्यातला एक वाईट संसर्ग ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा. तिचे कण बांधकामाच्या धुळीत, तोडफोडीत, जुन्या प्लास्टरमध्ये असतात. घर बदलायचं म्हणजे काय होतं, डोळ्यांसमोर आणा. नव्या घरात ड्रिल, टाइल्स, पडद्यांचे रॉड, सुताराचा भुसा, रंगाचा वास, फेव्हिकॉलचे डबे. कपाटं हलवली की मागून दहा वर्षांची धूळ. नव्या रंगातली आणि पॉलिशमधली रसायनं त्या बंद खिडक्यांच्या खोलीत रस्त्यापेक्षा जास्त भरतील. वर नवं घर हॉस्पिटलपासून अर्धा तास लांब. केमो चालू असलेल्या मुलाला १००.४ फॅरनहाइट ताप आला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नसते, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं असतं. तो अर्धा तास वाकडच्या हवेपेक्षा महाग पडू शकतो.

दुसरी गोष्ट पैशांची. आपल्या देशात मुलांचे कॅन्सर हाताबाहेर जातात त्याचं एक मोठं कारण म्हणजे अर्ध्यावर सोडलेले उपचार. पहिले काही महिने सगळे नातेवाईक असतात, मग मूल बरं दिसायला लागतं, केस परत येतात, आणि रोजच्या गोळ्यांच्या त्या लांबलचक टप्प्यात पैसा आणि धीर दोन्ही संपतात. घाईत विकलेला फ्लॅट, त्यावर कर्ज, त्यावर भाडं, हे सगळं त्याच काळात येईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या समाजसेविकेला भेटून अजून विचारलं नसेल, तर फ्लॅटच्या दलालाला फोन करण्याआधी ते करा. उपचार संपल्यावर, वर्ष-दोन वर्षांनी, त्यांना साताऱ्याला परत जावंसं वाटलं तर खुशाल जाऊ देत. तेव्हा तुम्हीच सामान बांधायला जा.

तोवर आहे त्या घरात पुष्कळ करता येतं. मुलाचा पलंग रस्त्याच्या बाजूच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवा. आरएमसी प्लँट मागेच असेल तर दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या चौकटींवर एक दिवस पांढरं फडकं फिरवून बघा, कुठे कमी काळं होतं ते कळेल, मशीन लागत नाही. रहदारीच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या बंद, दुपारी उघड्या. घर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि पुसताना मूल दुसऱ्या खोलीत असू द्या. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद. देवाला राग येत नाही. त्याच्यासमोर तुपाची निरांजन एखादा मिनिट लावा, आणि डासांसाठी जाळी आणि मच्छरदाणी. गॅलरीत कबुतरं बसत असतील तर जाळी आजच लावा. त्यांच्या विष्ठेतली बुरशी या मुलांना परवडत नाही. वरच्या-खालच्या फ्लॅटमध्ये तोडफोड निघाली तर सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून तारखा आधी कळवायला लावा, त्या दिवसांत मुलाला तुमच्याकडे ठेवता येईल. एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर धुळीसाठी हेपा फिल्टरचा घ्या. ब्लड कॅन्सर टाळणारा म्हणून कोणी विकत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

तुमच्या मुलांचं. ब्लड कॅन्सरच्या भीतीने घर सोडू नका. भावंडांची मुलं म्हणून त्यांना वेगळा मोठा धोका आहे, असंही मनात आणू नका. पण ज्या धुराने खिडकी काळी होते तो चांगला नसतोच. त्याचा हिशेब दमा, वारंवार होणारा खोकला, मोठेपणी हृदय आणि फुप्फुसं असा मांडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बारीक धुळीची वर्षाची मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आपली अजून ४० आहे. तुमच्या मुलांना दमा असेल, ऐपत असेल, आणि पुढेमागे घर बदलायचंच असेल तर हायवेपासून दोन-तीनशे मीटर आत बघा. रस्त्याचा धूर पहिल्या दीडशे-दोनशे मीटरांत झपाट्याने विरतो. नसेल जमत, तर मागच्या खोलीचा नियम तुमच्याही घरी लागू आहे.

आणि पंप. त्याच्यावर राग काढायचा असेल तर तो कामाचा आहे, काढा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी नियम काढला: शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर, जागाच नसेल तर जादा काळजी घेऊन ३० मीटर. तुमची साठ-सत्तर पावलं म्हणजे जेमतेम तेवढंच. पंप जुना असेल तर अंतराचा नियम चालणार नाही, पण वाफ परत खेचणारी यंत्रणा मागता येते. ती आहे का हे बघायला अर्ज लागत नाही. उभं राहून बघा. टँकर खाली करतात तेव्हा एक पाइप जोडलाय की दोन? दुसरा पाइप वाफ परत टँकरमध्ये नेणारा. गाडीत तेल भरतात त्या नोझलवर रबराची घड्याघड्यांची बाही आहे का? ती टाकीच्या तोंडावर घट्ट बसते आणि वाफ ओढून घेते. नसेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुण्याच्या कार्यालयात पत्र द्या, फोटोसकट.

हे पत्र तुमच्या भाच्यापेक्षा दुसऱ्याच कोणासाठी जास्त उपयोगाचं आहे. "झिरो बघा" म्हणणारी ती मुलगी दिवसाचे आठ-दहा तास उघड्या टाकीवर वाकलेली असते. मीटर थांबल्यावर गिऱ्हाइकाला राउंड फिगर हवी असते, म्हणून ती आणखी दोनदा ट्रिगर दाबते आणि प्रत्येक वेळी टाकीतून वर येणारी वाफ तिच्याच तोंडावर येते. गॅरेजवाली मुलं तर पेट्रोलने हात धुतात. नव्वदच्या दशकात माझ्याकडे एका दुचाकी गॅरेजवाल्याची स्लाइड आली होती. पस्तिशीचा माणूस, ए.एम.एल. हातांना पेट्रोलचा वास होता. रोज संध्याकाळी हवाबंद डब्यातलं पेट्रोल ओतून ग्रीस काढायचा, पोराला जवळ घेण्याआधी हात स्वच्छ हवेत म्हणून. त्याच्या बाबतीतही मी "यामुळेच" असं लिहून दिलं नाही, देता येतच नव्हतं. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये बेंझिन आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असायचं. २००० साली देशाच्या बऱ्याच भागात ५ टक्क्यांपर्यंत चालत होतं, आता मर्यादा १ टक्का आहे. तुमचे मिस्टर स्कूटरची टाकी काठोकाठ भरून घेत असतील, तर पहिल्या "टक्"ला थांबायला सांगा.

शेवटचं काम तुमच्यासाठी. भाच्याला येत्या महिन्यांत प्लेटलेट लागतील, कधी रात्री, कधी रविवारी. रक्तपेढीवाले "एसडीपीचा डोनर आणा", म्हणजे एकट्याच्या प्लेटलेट देणारा दाता आणा, म्हणतात तेव्हा घरचे हवालदिल होतात. तुम्ही स्वतः द्यायला धावू नका. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं रक्त या मुलांना शक्यतो देत नाहीत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. पण तुमचे मिस्टर नात्याबाहेरचे आहेत. ज्या सोसायटीत तुम्ही फ्लॅट सुचवलात तिथे दोनशे घरं असतील. दहा-बारा धडधाकट माणसांची यादी करा: नाव, रक्तगट, फोन, रात्री गाडी आहे की नाही. पहिलं नाव मिस्टरांचं घाला. ती यादी व्हॉट्सॲपवर पाठवू नका. छापून घ्या, आणि बहिणीच्या फ्रीजवर लावायला जाल ते मेहुणे घरी असतील अशा वेळी जा.